सुपर लेमन हेझ: नाव एकच, दोन पाकिटं, वास वेगळा. लेबलवरून काय समजायचं?

कागदी_लिंबू (मूळ प्रश्न)

मी ओंटॅरियोत राहतो. वय, कायदा वगैरे बाबतीत इथे अडचण नाही, त्यामुळे सल्ला त्या अंगाने नको. प्रश्न वस्तूबद्दल आहे.

सुपर लेमन हेझ या गांजाच्या वाणाच्या नावाची, दोन वेगवेगळ्या उत्पादकांची पाकिटं समोर आहेत. दोन्ही साडेतीन ग्रॅमची, दोन्ही परवानाधारक दुकानातली.

पाकीट अ: एकूण टीएचसी (नशा आणणारा घटक) १९० मिग्रॅ प्रति ग्रॅम, एकूण टर्पीन (वास देणारी संयुगं) २.४ टक्के. टर्पिनोलीन, कॅरिओफिलीन, लिमोनीन या क्रमाने. लिमोनीन ०.४ टक्के. पॅकिंग पाच आठवड्यांपूर्वीचं. झाकण उघडलं की लिंबाचा वास, मागून देवदारासारखं काहीतरी.

पाकीट ब: एकूण टीएचसी २५५, एकूण टर्पीन १.१ टक्के. कॅरिओफिलीन, मायर्सीन, लिमोनीन. पॅकिंग नऊ महिन्यांपूर्वीचं. वास मिरीसारखा, थोडा गवतासारखा. लिंबू शोधावं लागतं.

दुकानात सांगतात की ब जास्त 'स्ट्राँग', म्हणून महाग. प्रश्न असे:
१. दोन्ही खरोखर एकच वाण आहेत का?
२. लिंबाचा वास लिमोनीनचा, आणि लिमोनीनमुळे घबराट होत नाही, हे बरोबर आहे का?
३. ब चा वास परत आणता येतो का? बरणीत संत्र्याची साल टाकायची युक्ती वाचली.

---

प्रयोगवही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा नाहीत. आणि हे तुमच्याच आकड्यांवरून दिसतंय.

आधी कूळ. सुपर लेमन हेझ हा अ‍ॅमस्टरडॅमच्या ग्रीन हाऊस सीड कंपनीचा संकर, लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझ यांचा. २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने अ‍ॅमस्टरडॅमची कॅनाबिस कप ही गांजाच्या वाणांची स्पर्धा जिंकली आणि तिथून हे नाव जगभर गेलं. सुपर सिल्व्हर हेझ स्वतःच स्कंक, नॉर्दर्न लाइट्स आणि हेझ या जुन्या वाणांचं मिश्रण. म्हणजे हा संकराचा संकर आहे, आणि एकाच पाकिटातल्या दहा बिया लावल्या तर दहा भावंडं येतात, दहा प्रती नाही. एखाद्यात लिंबू उतरतं, एखाद्यात हेझचा मसाला. उत्पादक त्यातलं एक झाड निवडतो, त्याच्या फांद्या लावून पुढचं सगळं पीक काढतो. दोन उत्पादकांनी दोन वेगळी भावंडं निवडली की नाव तेच, माल वेगळा. कलमी हापूस आणि हापूसची कोय लावून आलेलं झाड यांत जो फरक, तोच इथे.

आता तुमचे आकडे. टर्पीनची मोजणी पॅकिंगच्या सुमाराला होते. लेबलवरचा आकडा नंतर बदलत नाही. म्हणजे ब मध्ये नऊ महिन्यांपूर्वीच टर्पिनोलीन पहिल्या तिनात नव्हतं. कुणी म्हणेल, वाळवताना उडालं असेल. पण मायर्सीन १६७ अंशांच्या आसपास उकळतं, लिमोनीन १७६ ला, टर्पिनोलीन १८६ ला. वाळवण चुकली असती तर सगळ्यात हलकं मायर्सीन आधी गेलं असतं. ते मात्र दुसऱ्या क्रमांकावर ठाण मांडून बसलंय. म्हणजे ते झाड मुळातच टर्पिनोलीन फारसं बनवत नव्हतं. सुपर लेमन हेझ म्हणून जे ओळखलं जातं त्यात बहुतेक वेळा टर्पिनोलीन पुढे असतं, सिल्व्हर हेझकडून आलेलं. त्या हिशोबाने अ नावाला जागतंय. ब वाईट आहे असं नाही, फक्त वेगळं आहे.

आणखी एक शक्यता जमेस धरा. इथला बराच माल बुरशी मारायला गॅमा किरणांतून काढतात. २०१६ मध्ये यावर अभ्यास झाला: टीएचसी आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) यांना धक्का नाही, पण टर्पिनोलीन, मायर्सीन अशा हलक्या टर्पीनमध्ये साधारण १० ते २० टक्के घट. म्हणजे वास जरा उतरतो. क्रम उलटापालटा होण्याइतकी ही घट नाही.

---

गवतीचहा

प्रयोगवहींच्या उत्तरात वासाची बाजू राहिली.

"लिंबाचा वास म्हणजे लिमोनीन" हे अर्धंच खरं. शुद्ध लिमोनीन हुंगलं तर संत्र्याची साल सोलताना जो फवारा उडतो तो आठवेल. कागदी लिंबाचा जो खास टोकदार वास असतो तो मुख्यतः सिट्रालचा. गवती चहाची पात चुरगळली की लिंबू का आठवतं? सिट्रालच. लिंबू आणि संत्रं दोन्हींच्या सालीच्या तेलात लिमोनीनच सगळ्यात जास्त असतं, तरी वास वेगळे, कारण फरक थोडक्या घटकांनी पडतो.

गांजाच्या फुलातही तसंच. २०२१ मध्ये दाखवलं गेलं की स्कंकचा तो कुबट वास टर्पीनचा नसून गंधकाच्या संयुगांचा आहे, विशेषतः ३-मिथाइल-२-ब्यूटीन-१-थायॉल. हे अगदी सूक्ष्म प्रमाणातही नाकाला जाणवतं. २०२३ च्या कामात पुढे आलं की ज्यांना लोक 'फळासारखा', 'सिट्रस' म्हणतात त्या वाणांच्या वासातही गंधकाची वेगळी संयुगं मोठं काम करतात. नेहमीच्या लेबलवर ती छापलेली नसतात. त्यामुळे लिमोनीन ०.४ टक्के असलेलं पाकीट ०.८ टक्केवाल्यापेक्षा जास्त लिंबूदार लागू शकतं. लेबल खोटं नाही, अपुरं आहे.

टँजी हे याचं चांगलं उदाहरण. डीएनए जेनेटिक्स या बियाणं कंपनीचा हा संकर, कॅलिफोर्निया ऑरेंज आणि एका स्कंकपासूनचा. वास थेट संत्र्याचा, पण प्रयोगशाळेच्या अहवालात बरेचदा पहिला क्रमांक मायर्सीनचा.

वास ओळखायचा तर झाकण उघडल्या उघडल्या नाक खुपसू नका. फूल बोटांत हलकं दाबा, दहा सेकंद थांबा, मग हुंगा.
संत्र्याची साल, मोसंबी: लिमोनीन पुढे.
ताजं कापलेलं लाकूड, देवदार, किंचित फरशी पुसायच्या लिक्विडसारखं: टर्पिनोलीन.
मिरी, लवंग: कॅरिओफिलीन.
ओला पाला, पिकलेलं फळ: मायर्सीन.
वाळलेलं गवत, पेंढा: घाईत वाळवलेलं किंवा जुनं.
गोदामातली ओल, जुन्या गोणपाटासारखं: बुरशी. हे परत करा, चाखून बघू नका.

---

मापकाटा

दुसरा प्रश्न आकड्यांनीच सुटतो.

जॉन्स हॉपकिन्सचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास लोक अर्धवट सांगतात. २० प्रौढ, वाफेतून टीएचसी १५ किंवा ३० मिग्रॅ, सोबत शुद्ध डी-लिमोनीन १, ५ किंवा १५ मिग्रॅ. लिमोनीन वाढेल तशी घबराट कमी होताना दिसली, पण ठळक फरक ३० मिग्रॅ टीएचसीसोबत १५ मिग्रॅ लिमोनीन दिलं तेव्हाच. नुसत्या लिमोनीनचा काही परिणाम नाही.

आता तुमचं पाकीट अ. १९० मिग्रॅ प्रति ग्रॅम म्हणजे ३० मिग्रॅ टीएचसीसाठी फूल लागतं ०.१५८ ग्रॅम. लिमोनीन ०.४ टक्के, म्हणजे ग्रॅममागे ४ मिग्रॅ. तेवढ्या फुलात आलं ०.६३ मिग्रॅ. अभ्यासात होतं १५. चोवीस पट कमी. उलटा हिशोब करा: १५ मिग्रॅ लिमोनीन फुलातूनच हवं तर पावणेचार ग्रॅम फूल लागेल, त्यात टीएचसी सातशे मिग्रॅच्या वर. अख्खं पाकीट संपवलं तरी लिमोनीन पुरत नाही, आणि माणूस त्याआधीच आडवा. म्हणून "लिंबाचा वास आहे, घबराट होणार नाही" यावर विसंबू नका. घबराट ठरवते ती टीएचसीची मात्रा.

आणि 'स्ट्राँग' म्हणजे काय तेही बघा. पूर्ण अहवाल मिळाला तर त्यात टीएचसीए वेगळं लिहिलेलं असतं. फुलात टीएचसी बहुतांश त्या आम्लरूपातच असतं, गरम केल्यावर कार्बन डायऑक्साइड सुटून टीएचसी होतं. म्हणून सूत्र: टीएचसीए गुणिले ०.८७७, अधिक टीएचसी. टीएचसीए २१० आणि टीएचसी ६ असेल तर १८४ अधिक ६, एकूण १९०. टीएचसीएचाच आकडा टक्क्यांत सांगून "२१ टक्के" म्हणणारे भेटतात, तिथे फसू नका.

नवख्याला हेल्थ कॅनडाचा सल्ला १०० मिग्रॅ प्रति ग्रॅम किंवा त्याहून कमी टीएचसीच्या मालाचा आहे. तुमची दोन्ही पाकिटं त्याच्या दुप्पट-अडीचपट. ब महाग आहे ते टीएचसीच्या आकड्यामुळे, आणि आकडा मोठा म्हणजे माल चांगला हा बाजाराचा लाडका गैरसमज. २५५ च्या मालाचं एक चिमूट कमी घेतलं की १९० च्या बरोबरीचं होतं. नऊ महिन्यांत गेलेला वास मात्र कुठल्याही किमतीला येत नाही.

---

कागदी_लिंबू

२४ पटीचा हिशोब डोळे उघडणारा. मग 'सॅटिव्हा-प्रधान हायब्रिड' हे जे दोन्ही पाकिटांवर आहे त्याला काही अर्थ?

---

प्रयोगवही

फार थोडा. लामार्कने १७८५ मध्ये इंडिका हे नाव दिलं ते भारतातल्या झाडांना, झाडाच्या ठेवणीवरून. आज दुकानात त्याचा अर्थ 'झोप आणणारं' असा झालाय, सॅटिव्हाचा 'तरतरी देणारं'. डलहौसी विद्यापीठ आणि नेदरलँड्सच्या बेड्रोकॅन या औषधी गांजाच्या कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये वाणांची जनुकं तपासली. लेबल आणि एकूण जनुकीय नातं यांचा मेळ बसला नाही. थोडाफार संबंध दिसला तो मोजक्या टर्पीनशी. म्हणजे पाटी लावणारे बहुधा वासावरूनच लावतात: मातकट मायर्सीन असलं की इंडिका.

हायब्रिड तर काय, आज दुकानातलं जवळपास सगळंच हायब्रिड. तो शब्द वाचून पुढे चला.

जाता जाता, आंबा खाल्ला की मायर्सीनमुळे नशा वाढते ही कथाही याच धाग्यात कुणीतरी आणेल म्हणून आधीच लिहितो. हापूसच्या वासात सगळ्यात मोठा वाटा ओसिमीन या दुसऱ्याच टर्पीनचा, यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतच काम झालंय. आंबा खायचा तर आंब्यासाठी खा.

---

बरणी

तिसरा प्रश्न माझ्या खात्यातला. साल टाकू नका.

ताज्या संत्र्याच्या सालीत जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. बंद बरणीत ते पाणी फुलात जातं. नीट वाळलेल्या फुलाची जलक्रियता (बुरशीला वापरता येईल अशा पाण्याचं माप) ०.५५ ते ०.६५ दरम्यान असावी लागते. त्याच्या वर सरकलं की बुरशीला दार उघडं. साल स्वतःही दोन-तीन दिवसांत बुरसते. त्यात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी आली तर ती धुरातून किंवा वाफेतून थेट फुप्फुसात, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ते महागात पडतं. वर जो वास लागतो तो सालीचा, फुलाचा नाही. दोन दिवसांत उडतो.

उडालेलं टर्पीन परत येत नाही. ठरावीक आर्द्रता राखणारी पुडी टाकून कडक झालेलं फूल मऊ होतं, चुरा होणं थांबतं, घशाला कमी लागतं. वास तेवढाच राहतो. लिमोनीन नुसतं उडतही नाही, हवेशी संयोग होऊन त्याचं लिमोनीन ऑक्साइड, कार्व्होन असं काहीबाही होतं. जुन्या फुलाचा वास 'लिंबू कमी' न वाटता 'काहीतरी वेगळंच' वाटतो तो त्यामुळे.

मग अ तरी नीट ठेवा:

काचेची बरणी, रबरी कड असलेलं झाकण. साडेतीन ग्रॅमला १०० ते १२० मिली पुरे. मोठ्या बरणीत मोकळी हवा जास्त, म्हणजे प्राणवायू जास्त. बरणी पाऊण भरलेली हवी. दुकानातली प्लॅस्टिकची डबी पाकिटापेक्षा बरी, पण काचेएवढी नाही.

पुडी ५८ किंवा ६२ टक्क्यांची. हिवाळ्यात हीटर चालू असताना घरातली आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते, तेव्हा ६२. एरवी ५८. चार ग्रॅमची एक पुडी पंधरा ग्रॅमपर्यंत पुरते. पुडी कडक, कुरकुरीत झाली की बदला.

अंधार. टीएचसीचा मोठा शत्रू उजेड. काळाबरोबर टीएचसी मोडून सीबीएन हे कमी नशेचं संयुग होतं आणि उजेड, उष्णता, हवा तिन्ही ते लवकर घडवतात. खिडकीतली देखणी पारदर्शक बरणी फोटोपुरती. तापमान १५ ते २० अंश. स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या कपाटात ठेवणारे बरेच, ती घरातली सगळ्यात वाईट जागा.

फ्रीज नको. बाहेर काढलं की थंड फुलावर दव धरतं. फ्रीझरमध्ये तर फुलावरचे राळेचे दाणे ठिसूळ होतात आणि बरणी हलवली की झडून तळाशी बसतात. वासही त्यांच्यातच असतो.

चुरा लागेल तेवढाच करा. बारीक केलेलं फूल रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी लिंबू संपलेलं असतं.

---

गवतीचहा

बरणींना दुजोरा. वाफेच्या यंत्राबद्दल एक भर: "लिमोनीन १७६ ला उकळतं, म्हणून यंत्र १७६ वर ठेवा" हे सगळीकडे वाचायला मिळतं. उत्कलनबिंदू म्हणजे काही दाराची कडी नव्हे. साल सोलल्यावर वास खोलीच्या तापमानालाच येतो ना? वास हवा तर १६५ ते १७५ ला सुरुवात करा, पहिल्या दोन-तीन वाफांत लिंबू कळतं. पुढे १८५-१९० ला नेलं की टीएचसी जास्त सुटतं, चव भाजल्यासारखी होते. २३० च्या पुढे फूल करपायला लागतं, मग यंत्र कशाला घेतलं? आणि सिगारेटसारखं जाळून ओढलं तर लेबलवरच्या टर्पीनच्या क्रमाचा बराचसा अभ्यास पाण्यात.

लिंबूवाल्या तयार व्हेप काडतुसांत लिमोनीन बऱ्याचदा बाहेरून घातलेलं असतं, तेही खऱ्या संत्र्याच्या सालीतून काढलेलं. रेणू तोच, पण त्या लेबलवरून फुलाचा अंदाज बांधू नका.

---

कलम_वीस

प्रश्नकर्त्याने सल्ला नको म्हटलंय, पण धागा इतरही वाचतात म्हणून तीनच गोष्टी.

ओंटॅरियोत वय १९, अल्बर्टात १८, क्वेबेकमध्ये २१. सार्वजनिक ठिकाणी ३० ग्रॅम सुक्या मालापर्यंत जवळ ठेवता येतं. कॅनडाच्या सीमेबाहेर मात्र एक ग्रॅमही नाही, आत आणतानाही नाही. सीलबंद पाकीट, पावती, डॉक्टरची चिठ्ठी काहीच चालत नाही. भारतात १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा लागू होतो. फुलोरा म्हणजे त्या कायद्याच्या व्याख्येतला गांजा. एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' म्हणतात, पण अल्प म्हणजे माफ नव्हे: एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुटीला घरी जाताना बॅगेचे कोपरे आणि ग्राइंडर तपासा, चुरा राहतो.

कॅनडात गाडी चालवणं. रक्तात मिलिलिटरला २ नॅनोग्रॅम टीएचसीपासून गुन्हा सुरू होतो. ओंटॅरियोत जी-वन, जी-टू या नवशिक्यांच्या परवानावाल्यांना शून्य. आणि डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाल्यामुळे हा गुन्हा इमिग्रेशनच्या दृष्टीने 'गंभीर' गटात मोडतो. स्टडी परमिट, वर्क परमिट, पीआर (कायम वास्तव्य) सगळ्यांना लागू. एका चुकीने पीआर धोक्यात येतं, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही.

घरात कुणाला सायकोसिस किंवा स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल तर लिंबू असो की संत्रं, टीएचसीपासून लांबच.

---

कालव्याकाठी

नेदरलँड्समधून: सुपर लेमन हेझच्या जन्मगावी खात्रीचं पाकीट मिळेल असं वाटतं, पण अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉफीशॉपमध्ये, म्हणजे इथल्या गांजाच्या दुकानांत, तुमच्यासारखं टर्पीनचं लेबल अपेक्षित धरू नका. इथे पाच ग्रॅमची विक्री 'सहन' केली जाते, मागच्या दाराने येणारा माल मात्र बेकायदाच. परवानाधारक उत्पादकांच्या तपासलेल्या मालाचा प्रयोग ब्रेडा, टिलबर्ग, ग्रोनिंगेन अशा दहा नगरपालिकांत चालू आहे, एप्रिल २०२५ पासून तिथल्या कॉफीशॉपना तोच माल विकावा लागतो. अ‍ॅमस्टरडॅम त्यात नाही. तिथे फळ्यावर 'सुपर लेमन हेझ' लिहिलेलं असतं ते दुकानदाराच्या शब्दावर.

---

कागदी_लिंबू

सगळ्यांचे आभार. अ काचेत, ६२ ची पुडी, कपाटात. सालीचा बेत रद्द. पुढच्या वेळी दुकानात टीएचसीच्या आधी पॅकिंगची तारीख विचारतो. एकच शंका: किती जुनं म्हणजे जुनं?

---

बरणी

लिंबासाठी घेत असाल तर पॅकिंगपासून तीन महिन्यांच्या आतलं. सहा महिन्यांपुढचं सवलतीत मिळालं तरी सोडा. आणि एकूण टर्पीन दीड टक्क्याच्या खाली असेल तर तारीख कालची असली तरी वासाची अपेक्षा ठेवू नका.